दाराजवळचं मशीन

प्रिय टिटवे,

आधी एक गोष्ट समजून घे आणि मगच पुढे वाच. आई बरी आहे. दुपारचं जेवून झोपली आहे आणि घोरते आहे. घोरतेस म्हटलं तर अंगावर येते, पण घोरते आहे. हे पहिल्यांदाच लिहून टाकतोय, कारण बाबांचं पत्र, तेही माणसाच्या हाती पाठवलेलं, म्हटल्यावर तू घाबरणार. मी तर गेले कित्येक दिवस घाबरलेलाच आहे. दोघांनी एकदम घाबरून चालत नाही, म्हणून तू स्वतःला आवर.

फोन का केला नाही म्हणशील. दिवसा तुझा फोन तुमच्या त्या कामाच्या खोलीबाहेर कपाटात बंद. संध्याकाळी तू करतेस तेव्हा हल्ली आई माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेली असते, आणि एका खोलीच्या घरात मी जाऊ कुठे? जिन्यात गेलो तर वरच्या मजल्यावरची शिक्षिका वह्या तपासायच्या सोडून कान देते. पण खरं कारण वेगळंच आहे. फोनवर तू म्हणतेस, "बाबा, शांत व्हा बघू," आणि मी होतो. तुला मी थोपटायचो तसं आता तू मला थोपटतेस. आणि मी शांत झालो की जे बोलायला तोंड उघडलेलं असतं ते तसंच आत परत जातं. या वेळी ते परत जाऊन चालणार नाही. कागदावर मला कुणी शांत करू शकत नाही. शाळा चौथीत सुटली, तेव्हापासून एवढं लांब काही लिहिलेलं नाही. शब्द इकडेतिकडे झाले तर सांभाळून घे. लिहायचं आहे ते दाराजवळच्या मशीनबद्दल.

तुला बरंचसं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहितो. मला मधूनच काही सांगता येत नाही. कापडाचं ठाण एका टोकाकडूनच उलगडावं लागतं.

तेव्हा आईची जागा दाराजवळच होती. डायलिसिस केंद्रात मशिनं चार. दोन भिंतीला, एक खिडकीशी आणि एक दाराजवळ. दाराजवळचं सगळ्यांत जुनं, मूळचा पांढरा रंग दातांसारखा पिवळा पडलेला. पण आईला ती जागा आवडायची. कोण आलं, कुणाबरोबर आलं, कुणाचं घरात बिनसलंय, सगळं तिला पडल्या पडल्या कळायचं. चार तास रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत घालतात, आणि ही बाई तेवढ्यात चार घरांच्या बातम्या गोळा करून आणायची. मी काचेबाहेरच्या बाकावर बसून तिच्याकडे बघत असायचो. त्या दिवशी वीज गेली. गेली म्हणजे काय, डोळा मिटून उघडावा एवढीच. जनरेटर घरघरला, दिवे आले, मशिनं पुन्हा सुरू झाली. सिस्टर एकेका मशीनपाशी जाऊन बटण दाबून गेल्या. भिंतीकडच्या दोघांचं आणि खिडकीवाल्याचं नुकतंच सुरू झालं होतं. आईचं मात्र संपत आलेलं. थोड्या वेळाने तिने पाय आखडून घेतला. मग मला हाताने खूण केली. मी आत गेलो. तिच्या ओठांचा जो रंग मी पाहिला तो तुला सांगत नाही. जन्मभर कापडाचे रंग पाहिले, तसा रंग कुठल्याच ठाणाला पाहिला नाही. ती मला म्हणाली, "अहो, दिवे कशाला घालवलेत?"

दिवे चालू होते, टिटवे. सगळे चालू होते.

मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. सिस्टर धावत आल्या, खाट पायांकडून वर केली, सलाइन सोडलं. बऱ्याच वेळाने तिचे डोळे माझ्यावर नीट टेकले, आणि पहिलं वाक्य काय, तर "माझ्या चपला कुठायत?" केंद्रातला तो टेक्निशियन मुलगा म्हणाला, आजी काल पाणी जास्त प्यायल्या असणार. तशाही स्थितीत ही त्याला म्हणाली, "मी घोट मोजून घेते रे बाबा. तू तुझं मशीन मोज."

संध्याकाळी मी तुला ते सांगितलं ते तक्रार म्हणून. बाप म्हातारा झाला की मुलीपाशी कुरकुर करतो, तशी. मशिनं तुमच्याच कंपनीची, त्यांचा आतला प्रोग्रॅमही तुम्हीच लिहिता, हे तेव्हा मनातही नव्हतं. मग तू विचारलंस, पण तुझा आवाज तुझा नव्हता, डॉक्टर विचारतात तसा होता. "बाबा, मशीन चालू करताना पडद्यावर खाली कोपऱ्यात प्रोग्रॅमचा एक आकडा येतो. तो चारही मशिनांचा वाचून सांगाल?" पुढच्या वेळी मी काचेला नाक लावून ते आकडे वाचले आणि तळहातावर उतरवून घेतले. सिस्टर हसल्या, "आजोबा, लॉटरी लागलीय का?" तिन्हींचे आकडे थोडेफार मागेपुढे, दाराजवळच्याचा मात्र कुठल्या कुठे मागे. तुला तेवढ्यात कळलं. मला कळायला दोन फोन लागले. मधेच वीज जाऊन आली की मशीन आधी रक्तातून किती पाणी काढलं ते विसरतं आणि पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं. पडद्यावर दिसतं, आत्ताच तर सुरुवात आहे. सिस्टरांचा पडद्यावर विश्वास. मग ते मशीन पिळून झालेल्या माणसाला पुन्हा पिळत राहतं.

तू म्हणालीस, तीन ब्रँचमध्ये दुरुस्ती करायची आहे, आणि तातडीने. मला वाटलं कंपनीच्या तीन शाखा. मी विचारलं, रोज तिन्हीकडे जायचं म्हणजे जेवणाचं काय, डबा नेतेस ना? किती हसलीस! ते तुझं शेवटचं हसू. त्यानंतर तू फोनवर हसलेली नाहीस, मी लक्ष ठेवून आहे. ब्रँच म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या नव्या, मधल्या आणि जुन्या आवृत्त्या, हे मग तू मला माझ्याच भाषेत समजावलंस. मी गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तर असताना तू शाळेतून येऊन माझ्या टेबलाखाली बसायचीस, खडूचे तुकडे गोळा करायचीस. पुठ्ठ्याचे खाके खिळ्यांना टांगलेले असायचे, ते तुला आठवले. एका शाळेच्या शर्टांचा मुंढा काखेत काचायचा, तेव्हा मी काय करायचो, असं तू विचारलंस. मी म्हटलं, त्या शाळेचा खाका काढून मुंढा अर्धं बोट उतरवायचो. आणि बाकीच्या शाळांचे? ते काही आपोआप उतरत नाहीत. मूळ पुठ्ठा एकच असला तरी दर शाळेने काही ना काही बदलून घेतलेलं, कुणाला खिसा मोठा, कुणाला कॉलर वेगळी. प्रत्येक खाका खाली काढून वेगवेगळा कापावा लागतो. आणि मूळ पुठ्ठ्यात बदल करायचा विसरलं तर पुढच्या वर्षीच्या गणवेशांना पुन्हा तोच काच. तू म्हणालीस, "बाबा, हेच. अगदी हेच. फक्त आमचे खाके भिंतीवर टांगलेले नाहीत, माणसांना जोडलेले आहेत."

असं बोलायला नको होतंस तू. माझी झोप तिथेच गेली.

नव्या मशिनांची दुरुस्ती तू लगेच केलीस. मधल्यांची त्यानंतर. कंपनीचा माणूस येऊन तिन्हींमध्ये काहीतरी घालून गेला, केंद्रात सांगितलं, नेहमीचंच अपडेट आहे. चौथ्याला त्याने हात लावला नाही. ते जुन्या ब्रँचचं. तू म्हणालीस, जुन्या खाक्याचा मुंढाच वेगळ्या जागी आहे. नवी दुरुस्ती उचलून तिथे लावली तर बाही गळ्यातून निघते. ज्याने तो कापला तो माणूस कधीच कंपनी सोडून गेला, आणि कुठे काय का केलं ते कुणाला सांगून गेला नाही. इथे नीट केलं की तिकडची धोक्याची घंटा वाजायची बंद होते. घंटा नीट केली की पाण्याचा हिशेब चुकतो. तू दिवसरात्र त्याच्यात बसलीस. जेवलीस का विचारलं की "हो" म्हणायचीस, आणि मला कळायचं की नाही. तुमचे मोठे साहेब म्हणाले, जुनी मशिनं आता थोडीच उरलीत, दुरुस्ती पक्की झाली की एकदमच सगळ्यांना कळवू, आत्ता बोललो तर घबराट होईल. घबराट वाईट, हे खरं. मला विचार. पण घबराट झालेला माणूस निदान मशीनपासून लांब तरी राहतो.

मग तू तो फोन केलास. आई दळण आणायला खाली गेली होती, म्हणून मी एकटा होतो. तू म्हणालीस, "बाबा, आईला दाराजवळच्या मशीनवर बसवू देऊ नका. काहीही कारण सांगा. आणि कुणाला बोलू नका. बाहेर बोलायचं नाही असं आम्ही लिहून दिलंय, माझी नोकरी जाईल." मी म्हटलं, बरं. बापाने आणखी काय म्हणायचं? मी फोन ठेवला आणि गॅसचं बटण बंद आहे का बघितलं. ते बंदच होतं. पुन्हा बघितलं.

आता पुढचं तुला माहीत नाही. ते मी तुला सांगितलं नव्हतं.

मशिनं चारच, आणि सकाळच्या पाळीला माणसंही चारच. आई दारापासून हलली तर दुसऱ्या कुणाला तिथे जावं लागणार, हे तुझ्या ध्यानात आलं होतं का मला माहीत नाही. मी विचारणार नाही. माझ्या ध्यानात आलं होतं. मी ते मनात दुमडून ठेवलं. मोठ्या सिस्टरांपाशी गेलो आणि म्हटलं, दाराची झुळूक हिला बाधते, खिडकीशी जागा मिळेल का? सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, झुळूक खिडकीची लागते की दाराची?" खिडकीशी जो माणूस असायचा त्याने ते ऐकलं. बसचा ड्रायव्हर होता तो, आता निवृत्त झालाय. मोठा देह, मोठा आवाज. मला मास्तर म्हणतो, आईला वहिनी. तिथूनच ओरडला, "द्या हो सिस्टर, वहिनींना खिडकी द्या! मी जन्मभर खिडकीपाशीच बसलो, आता जरा दारात उभं राहून कंडक्टरी करतो." सगळे हसले. आईसुद्धा हसली. त्याने आपली उशी उचलली आणि दाराजवळच्या खाटेवर नेऊन ठेवली. जाता जाता माझ्या पाठीत एक थाप मारली. ती थाप अजून जिथे पडली तिथेच आहे.

त्याची बायको तू पाहिलेली नाहीस. तिला दिसत नाही म्हटलं तरी चालेल, सावल्या तेवढ्या दिसतात. बाकीच्यांना घरचं माणूस धरून आणतं. इथे उलटं. हा आजारी माणूसच बायकोला हाताला धरून रस्ता ओलांडतो, बाकावर माझ्या शेजारी बसवतो, "मास्तर, माझं सामान सांभाळा हं," म्हणतो आणि आत जातो. मग चार तास ती माझ्या शेजारी असते. मला विचारते, "आता काय करतायत?" मी काचेतून बघून सांगतो. झोपलेत. जागे आहेत. सिस्टरांची चेष्टा करतायत. ती माझ्या डोळ्यांनी नवऱ्याकडे बघते, टिटवे, आणि माझे डोळे त्याच्याकडे बघतच नाहीत, ते वरच्या दिव्यावर असतात. गेल्या खेपेला दिवा एकदा लुकलुकला. नुसता लुकलुकला, गेला नाही. माझ्या हातातला पेला खाली पडला. तिने घाबरून माझा हात धरला, "काय झालं? त्यांना काही झालं का?" मी म्हटलं, नाही हो, माझाच हात घसरला. ती हसून म्हणाली, "तुम्ही फार भित्रे बाई." माझ्या शर्टाला आतून पाणी सुटलं होतं.

आईला यातलं काही ठाऊक नाही. तिला खिडकी अजिबात आवडलेली नाही. म्हणते, "तिथून काय दिसतं, तर समोरच्या इमारतीची भिंत आणि एक पाइप. तुम्ही माझं त्या पाइपाशी लग्न लावलंय." परवा सिस्टरांना म्हणत होती, मला माझी जुनी जागा द्या, आणि मी मधे पडून एवढ्या जोरात नाही म्हटलं की सगळं केंद्र माझ्याकडे बघायला लागलं. रात्री ती म्हणाली, तुमचं काहीतरी चाललंय. मी कूस बदलली.

मी दुसरे उपायही करून पाहिले, मनातल्या मनात. वाटलं, जाता जाता त्या मशीनवर चहा सांडावा. किंवा मागची वायर कापून टाकावी, कात्री अजून चांगली चालते. मग वाटलं, टेक्निशियन ती तासाभरात जोडेल आणि मला आत पाऊल टाकू देणार नाहीत, मग आईजवळ कोण बसणार? आणि समजा हे एक मशीन बंद पाडलं, तर तुझे साहेब म्हणतात ती जी थोडीच उरलेली आहेत, ती कुठे आहेत? त्यांच्या काचेबाहेर कोण बसलंय? त्याच्या मुलीने तर त्याला फोन केलेला नाही.

काल आई आंघोळीला गेली होती तेवढ्यात तू फोनवर म्हणालीस, जुन्या ब्रँचमध्ये आता बसत आलंय, फक्त सगळं तपासून व्हायला हवं, आणखी आठवडा धरा. मी म्हटलं, बरं. आणि आज सकाळी औषध आणायला खाली गेलो तेव्हा केंद्राच्या इमारतीच्या दाराला कागद लावलेला दिसला. रस्ता खणलाय ना, खालच्या वायरी बदलतायत. उद्या सकाळपासून वीज अधूनमधून बंद राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व. मी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, मग शेजारच्या चष्म्याच्या दुकानदाराकडून वाचून घेतला, माझं काही चुकत असेल म्हणून. तो म्हणाला, "काळजी कशाला? केंद्राला जनरेटर आहे." आहे. त्याचीच तर भीती आहे. दर वेळी वीज जाणार आणि जनरेटर लागणार, आणि मधे तो एक डोळा मिटणार. उद्या एकदा नाही, किती वेळा मिटेल कोण जाणे. आणि उद्या सकाळी चौघांची पाळी आहे.

घरी येऊन मी लिहायला बसलो. आईला सांगितलं, मुलीला पत्र लिहितोय, तिला पत्रं आवडतात. ती म्हणाली, "तिला? ती मेसेजसुद्धा अर्धाच वाचते." मग जेवली आणि झोपली. आणि मी वरचं सगळं लिहीत होतो.

आता घरात तिघं आहोत. ड्रायव्हर आलाय. मीच त्याला बोलावलं. त्याचा एक जुना सोबती तुझ्या गावाकडे जाणारी संध्याकाळची गाडी चालवतो, पहाटे पोचतो, आणि त्याची शेवटची थांबायची जागा तुझ्या घराच्या कोपऱ्यावरच आहे. ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, पाकीट द्या, सकाळी पोरगी दात घासत असेल तेव्हा तिच्या हातात." याच्याखेरीज आज पत्र पोचवील असं मला दुसरं कुणी सुचलं नाही. किती विचार केला तरी सुचलं नाही. आई उठून चहा ठेवतेय. तो तिला म्हणतोय, "अर्धाच द्या वहिनी, उद्या मशीन माझं वजन करून शिव्या घालेल." ती म्हणते, "तुमची खिडकी घ्या हो परत, मला कंटाळा आलाय." आणि तो म्हणतोय, "दिलेली सीट परत घेत नसतो आम्ही. तक्रार असेल तर डेपोत जा." दोघं हसतायत. मी मान खाली घालून लिहितोय. त्याने दोनदा विचारलं, "मास्तर, मृत्युपत्र लिहिताय की काय?" मी म्हटलं, थोडं राहिलंय. त्याची बायको घरी एकटी आहे, त्याला अंधाराच्या आत परत जायचंय, दिवे तोच लावतो. तिला नसते लागत ते, पण म्हणतो, घरात दिवा नसला की तिच्या आवाजात फरक पडतो.

तर पत्राचं कारण हे. उद्या सकाळी नळ्या जोडायच्या आधी मी मोठ्या सिस्टरांकडे जाणार आहे. म्हाताऱ्या शिंप्याने सांगितलं म्हणून कुणी मशीन बंद करत नाही. झुळुकीची गोष्ट सांगून बसलोय, आता माझा शब्द तसाही गेला. म्हणून मी तुझं नाव घेणार आहे. सांगणार आहे की माझी मुलगी हे मशीन बनवणाऱ्या कंपनीत आहे, हा दोष तिनेच शोधला, ती तिथे राबून तो दुरुस्त करतेय, आणि तिने मला फोन करून बजावलंय की तोवर त्या मशीनवर कुणालाही बसवू नका. तू "आईला" म्हणाली होतीस. मी "कुणालाही" म्हणणार आहे. तुला विचारतील तेव्हा तूही तेच म्हण. खिडकी मी ड्रायव्हरला परत देईन आणि आई दुपारी मशीन मोकळं होईपर्यंत थांबेल. तिची बोलणी मी खाईन. केंद्राचे डॉक्टर उशिरा येतात, तुमच्या कंपनीत फोन त्यानंतरच जाईल, तेव्हा सकाळ तुझ्या हातात आहे. त्याआधी तूच साहेबांसमोर जा आणि बाकीच्या जागांनाही कळवायला लाव, म्हणजे ते तुझ्याकडून आलं असं होईल, माझ्याकडून नाही. नोकरी जाईल का? मला ठाऊक नाही. मला मशीनची भीती वाटते, विजेची वाटते, तुझ्या साहेबांची वाटते, आणि उद्या खरं कळल्यावर हा माणूस माझ्याकडे कसा बघेल त्याची तर फारच वाटते. तू मला शांत करशील म्हणून फोन केला नाही. आता केलास तरी उपयोग नाही, मी सकाळी बंद करून ठेवणार आहे. तू वाईट नाहीस, बाळा. आपलं माणूस काचेच्या आत असलं की दुसरं माणूस दिसत नाही. मलाही दिसलं नाही, आणि मी तर तिथेच बसलेलो होतो. आता तो पाकिटासाठी हात पुढे करून उभा आहे. थांबतो.

भ्यालेला, पण तुझाच,
बाबा